लेबारानला जावातल्या घरी पाहुणे म्हणून जाताना: तयारीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जकार्तात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी मंडळींची लेबारानला, म्हणजे इथल्या ईद-उल-फित्रला, दरवर्षी तीच तारांबळ उडते. मॉलमध्ये केतुपातच्या, म्हणजे माडाच्या पातीच्या विणलेल्या पिशवीत शिजवलेल्या भाताच्या आकाराच्या, हिरव्या-सोनेरी झालरी लटकल्या की यांना जाग येते. तोवर रेल्वेची तिकिटं संपलेली असतात, बँकेत नव्या नोटांचा कोटा भरलेला असतो आणि घरकाम करणारी म्बाक तिच्या बोनसबद्दल कुणी काही बोलत नाही म्हणून आतल्या आत धुसफुसत असते. कामं अवघड नाहीत, क्रम चुकतो.

हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना एखाद्या सहकाऱ्याने मध्य जावातल्या आपल्या गावी ईदला बोलावलं आहे. जकार्तातच राहणार असाल तर टप्पा ३ सोडा आणि शेवटच्या टप्प्यातला साठवणीचा भाग आधी वाचा.

इथे सगळे दिवस ईदपासून उलटे मोजतात. ईदचा दिवस 'हा'. सात दिवस आधी असेल तर 'हा मिनुस तुजूह', लिहिताना हा-७. ऑफिसात, रेल्वेच्या घोषणेत, बातम्यांत हेच कानावर येईल. खालीही तेच वापरलं आहे.

टप्पा १: तारीख एक नव्हे, दोन धरा (दोन-तीन महिने आधी)

कॅलेंडरवर लाल रंगात छापलेला दिवस हा अंदाज असतो. सरकारी तारीख रमजानच्या २९ व्या संध्याकाळी धर्मव्यवहार मंत्रालयाच्या 'सिदांग इस्बात' या बैठकीत ठरते. चंद्र दिसल्याचं मान्य झालं तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर आणखी एक रोजा. मुहम्मदिया ही मोठी संघटना मात्र गणिताने काढलेली तारीख कितीतरी आधी जाहीर करते. त्यामुळे दोघांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. २०२३ मध्ये मुहम्मदियाची ईद २१ एप्रिलला होती, सरकारी २२ ला. २०११ मध्येही असंच झालं होतं. २०२४ आणि २०२५ मध्ये तारखा जुळल्या.

म्हणून यजमानांना पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या घरी ईद कोणत्या तारखेने करतात? मुहम्मदियाचं घर असेल आणि तुम्ही सरकारी तारखेच्या आदल्या रात्री पोहोचलात, तर नमाज, भेटीगाठी सगळं उरकलेलं असेल.

रजेचंही याच वेळी बघा. ईदला जोडून येणारी 'चुती बर्सामा' म्हणजे सामूहिक रजा तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने जाहीर होते. खासगी कंपनीत ती द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि दिली तर ती तुमच्या वार्षिक रजेतून वजा होते. फुकटची सुट्टी समजून वर आणखी रजा टाकणाऱ्यांचे डोळे डिसेंबरात उघडतात.

टप्पा २: आमंत्रण खरं आहे का ते पारखा

'कापान-कापान माइन के रुमाह', कधीतरी घरी या, हे इथे कुणीही कुणालाही म्हणतं. आपण 'या एकदा चहाला' म्हणतो तितकंच त्याचं वजन. खऱ्या आमंत्रणात गावाचं नाव असतं, तारीख असते, तुम्ही कुठे झोपणार हे असतं. जावातला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. 'नांती साया काबारी', मग कळवतो, असं उत्तर आलं आणि पुढचे आठ-दहा दिवस विषय निघाला नाही, तर ते नाहीच समजा आणि पुन्हा विचारून त्याला अडचणीत टाकू नका. लेबारानला त्या घरात सगळी भावंडं, सुना, जावई, नातवंडं उतरलेली असतात. जागेची खरोखर वानवा असते.

आमंत्रण पक्कं असेल तर त्याच बोलण्यात तीन गोष्टी सांगून टाका: किती जण येणार, किती रात्री राहणार आणि काय खात नाही. गावात उतरणाऱ्या परक्या पाहुण्याची नोंद २४ तासांत तिथल्या आरटीकडे, म्हणजे गल्लीच्या निवडलेल्या प्रमुखाकडे करायची असते. 'तामू वाजिब लापोर' अशी पाटी गल्लीच्या तोंडाशी दिसेलच. नोंद यजमान करतात. पासपोर्टची आणि रहिवासी परवान्याची प्रत तुम्ही आधीच पाठवून ठेवा.

टप्पा ३: तिकीट (हा-४५ च्याही आधीपासून)

गावी परतण्याच्या या लोंढ्याला 'मुदिक' म्हणतात आणि इथे चुकलात तर पुढचे सगळे टप्पे वाचायची गरज नाही. आंतरशहरी रेल्वेची तिकिटं अलीकडच्या वर्षांत सुटण्याच्या ४५ दिवस आधी खुली होतात. हा-३ ला निघायचं असेल तर हा-४८ च्या मध्यरात्री ॲप उघडून बसायचं.

क्रम असा ठेवा:

१. खातं आधीच उघडा, सगळ्या प्रवाशांची माहिती त्यात भरून ठेवा. त्या रात्री पासपोर्ट नंबर टाइप करत बसलात तर जागा गेलीच.
२. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात, कधी गाळतात. इथे फाटकावर नाव जुळलं नाही तर वाद घालून उपयोग नसतो.
३. पहिल्या पसंतीची गाडी सोडून आणखी दोन गाड्या हेरून ठेवा. गांबीर स्टेशन नाही जमलं तर पासार सेनेन.
४. परतीचं तिकीट ज्या दिवशी खुलं होईल त्याची नोंद वेगळी करा. जायचं मिळालं या आनंदात लोक हे विसरतात आणि मग हा+३ ला गावातून निघायला वाहनच मिळत नाही.

सामान माणशी २० किलो. येताना गाठीशी ओले-ओले, म्हणजे गावाकडची भेट, हमखास चढते, हे धरून जाताना बॅग अर्धी रिकामी ठेवा.

गाडीने जायचं म्हणणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. ट्रान्स-जावा महामार्गामुळे आता बरंच सुसह्य झालं आहे, पण मुदिकच्या दिवसांत पोलीस एकेरी वाहतूक लावतात आणि विश्रांतीच्या थांब्यांवर आत शिरायला जागा नसते. २०१६ साली ब्रेबेसजवळ टोलरस्ता संपायचा तिथे झालेली कोंडी लोक अजून विसरलेले नाहीत. जायचंच असेल तर टोलच्या कार्डात येण्याजाण्याचे पैसे निघण्याआधीच भरा. गाडीत पाणी, खाणं आणि लहान मुलांची सोय हवीच.

*तपासा:* बसचं तिकीट काढत असाल तर किमतीत 'तुसलाह', म्हणजे सणाचा अधिभार, धरलाय का हे विचारून घ्या.

टप्पा ४: घरकाम करणाऱ्यांचा बोनस (हा-१४ ते हा-७)

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

'ते-हा-एर' म्हणजे सणाचा भत्ता. कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी तो कायद्याने बंधनकारक आहे. २०१६ च्या मंत्रालयीन नियमानुसार वर्षभर सलग काम केलेल्याला एक महिन्याचा पगार, आणि किमान महिना पण वर्षाहून कमी झालं असेल तर त्या प्रमाणात. तो सणाच्या किमान सात दिवस आधी हातात पडलाच पाहिजे. घरात काम करणाऱ्या म्बाकला किंवा खासगी ड्रायव्हरला हा नियम थेट लागू नाही, पण रीत तीच आहे आणि अपेक्षाही तीच. तिला तुम्ही दिवाळीत एक साडी आणि मिठाई देणार असाल, तर त्याचा इथे काही संबंध नाही.

हिशेब सोपा आहे. महिन्याला ३० लाख रुपिया पगार आणि पाच महिने काम झालं असेल, तर ३० लाख भागिले १२, गुणिले ५, म्हणजे साडेबारा लाख रुपिया. त्या महिन्याचा पगार वेगळा. दोन्ही रकमा एका पाकिटात घालून 'घे, सगळं आहे यात' म्हणू नका. पगार पगाराच्या पाकिटात, भत्ता भत्त्याच्या पाकिटात.

कधी द्यायचा? ती गावी निघण्याच्या दिवशी सकाळी नव्हे. तिलाही मुलांना कपडे घ्यायचे असतात, बसचं तिकीट काढायचं असतं. हा-१४ ला दिलात तर उत्तम, हा-७ ही शेवटची मर्यादा. 'आधी दिला तर परत येणारच नाही' ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. काही जणी खरंच येत नाहीत, पण ते भत्ता उशिरा दिल्याने थांबत नाही. उशिरा दिला तर न येण्याचं आणखी एक कारण मिळतं, इतकंच.

देतानाच ती कधी जाणार आणि कधी परतणार ते बोलून घ्या. आठवडा ते दोन आठवडे धरा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर 'इन्फाल', म्हणजे सणापुरती बदली बाई, एजन्सीकडून महिनाभर आधी ठरवावी लागते. दर नेहमीपेक्षा खूप चढे असतात.

संकुलातले सिक्युरिटीवाले आणि कचरा नेणारे यांचं सहसा आरटी एकत्र गोळा करून देतं.

*सावधान:* दारावर कुणी शिक्का मारलेलं पत्र घेऊन सणाची वर्गणी मागायला आलं, तर लगेच पैसे काढू नका. आरटीच्या ग्रुपवर पत्राचा फोटो टाका, उत्तर आलं की मगच द्या.

टप्पा ५: कोऱ्या नोटा (हा-२० च्या सुमारास)

ईदला लहान मुलांच्या हातात छोट्या पाकिटातून पैसे द्यायचे असतात. नोटा कोऱ्या करकरीत लागतात. बँक इंडोनेशिया रमजानमध्ये नोटा बदलून देते. त्यासाठी तिच्या 'पिंतार' या संकेतस्थळावर ठिकाण आणि वेळ आधी नोंदवावी लागते आणि नोंदणी उघडल्यावर भराभर भरते. परदेशी माणसाने त्यात जीव घालवण्यापेक्षा आपल्या बँकेत किंवा ऑफिसच्या हिशेब विभागात आधीच शब्द टाकून ठेवावा.

रस्त्याच्या कडेला नोटांची बंडलं हलवत उभे असलेले लोक दिसतील. ते वर कमिशन घेतात, बंडलात नोटा कमी भरू शकतात, खोट्या नोटांचाही धोका असतो. अगदीच नाइलाज असेल तर समोर मोजा.

कोणत्या नोटा? २,०००, ५,०००, १०,००० च्या जास्त, २०,००० च्या थोड्या. कोणत्या वयाला किती द्यायचे हे यजमानांच्या बायकोला किंवा बहिणीला विचारा. स्वतःच्या मनाने प्रत्येकाला एक लाखाची नोट वाटत सुटलात तर घरचे काका-मामा अवघडतात, कारण त्यांच्या पाकिटात दहा हजार असतात. मुलं मोजून ठेवा आणि वर पाच-सहा पाकिटं जास्त घ्या. शेजारची मुलंही येतात.

टप्पा ६: भेटवस्तू (हा-१० पर्यंत)

बिस्किटांचा मोठा डबा, खजूर, चांगला चहा, सरबताची बाटली: यात काही चुकत नाही. नास्तार, म्हणजे अननसाचा मुरंबा भरलेली छोटी बिस्किटं, न्यायची असतील तर घरगुती करणाऱ्या बाईकडे रमजान लागतानाच ऑर्डर द्या. घरची मिठाई करून न्यावीशी वाटली तर जरूर न्या, पण त्यात काय घातलंय ते सांगता आलं पाहिजे. बाजारच्या केक-चॉकलेटवर हलालचा शिक्का पाहा. रमचा स्वाद आणि जिलेटिन या दोन गोष्टी नकळत सुटतात.

सरकारी अधिकाऱ्यांना हॅम्पर पाठवू नका. भ्रष्टाचारविरोधी आयोग दरवर्षी सणाच्या भेटींबद्दल परिपत्रक काढतो, आणि तुमच्या टोपलीमुळे त्या बिचाऱ्याला खुलासा लिहावा लागतो.

टप्पा ७: शाकाहारी असाल तर

'वेजेतारियान' एवढं सांगून भागत नाही. समोरचा मान डोलावतो आणि कोंबडीच्या रश्श्यातली भाजी आणून ठेवतो. नावं घेऊन सांगा: आयाम (कोंबडी), दागिंग (मटण-मांस), इकान (मासे), उदांग (कोळंबी) चालत नाही. आणि मग लपलेल्या तीन गोष्टी: एबी म्हणजे सुकट, तरासी म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, कल्दू म्हणजे मांसाचा रस्सा. ईदच्या ताटात ओपोर आयाम कोंबडीचा असतोच. दुधी वाटावा अशा लाबू सियामच्या भाजीत बहुधा सुकट असते, बटाट्याच्या सांबाल गोरेंगमध्ये काळीज, आणि कुरकुरीत क्रुपुक बऱ्याचदा कोळंबीचे.

उपाय असा की बटाटे तळून झाल्यावर काळीज घालायच्या आधी थोडे बाजूला काढून ठेवायला सांगायचं. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि तोफू प्रत्येक घरात मिळतं. हे सगळं टप्पा २ मध्येच सांगितलेलं असलं पाहिजे. ईदच्या दिवशी ताट पुढे आल्यावर सांगितलं की घरची बाई दिवसभर खंतावते.

टप्पा ८: गावी पोहोचल्यावर, ईदच्या आधीचे दिवस

घर अजून रोज्यात असतं. तुम्ही रोजा धरलाच पाहिजे असं कुणी म्हणणार नाही, पण सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात जाऊन चहाची चौकशी करू नका. पहाटेच्या साहुरला उठून सगळ्यांबरोबर जेवून घेणं सर्वांत सोयीचं. दिवसा लागलंच तर खोलीत पाणी-बिस्किटं ठेवा. मुस्लिम असाल तर जकात फित्राचं घरी विचारून नमाजाच्या आधी देऊन टाका. माणशी अडीच किलो तांदूळ किंवा तेवढी रक्कम.

हात रिकामे ठेवू नका. पाहुणा म्हणून बसवतील, तरी दुसऱ्यांदा विचारा. मिळण्यासारखं काम म्हणजे केतुपात विणणं.

आधी एक खुलासा: मध्य आणि पूर्व जावातल्या बऱ्याच गावांत केतुपात ईदच्या दिवशी नसतं, आठवड्याने, शव्वालच्या आठव्या दिवशी असतं. तुमच्या घरी कधी ते विचारा. असेल तर:

१. जानुर, म्हणजे माडाची कोवळी फिकट पिवळी पात, आदल्या दिवशी बाजारातून येते. वाळली की चिरते, म्हणून ओल्या फडक्यात ठेवा. मधला कडक हीर काढा.
२. एक पट्टी डाव्या पंजाला तीन वेढे. दुसरी पट्टी त्या वेढ्यांतून आडवी, एक वर एक खाली. पुढच्या फेरीला उलट.
३. चौकोनी पिशवीचा आकार आला की एकेक पट्टी क्रमाने ओढत घट्ट करा. दोन शेपट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून बाहेर यायला हव्यात. एकाच बाजूला आल्या तर वीण चुकली, सोडवा.
४. धुऊन निथळलेला तांदूळ अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरा, दोन तृतीयांशाच्या वर नाही.
५. मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात चार-पाच तास उकळा. पाणी आटलं की वरून उकळतंच घाला.
६. काढल्यावर वरचा चिकटा गार पाण्याने धुऊन जोडीजोडीने टांगून ठेवा.

तांदूळ जास्त भरला तर मधोमध कणी कच्ची राहते, कमी भरला तर कापताना लगदा होतो. पहिली दोन-तीन तुमची वाकडी होतील आणि आज्जीबाई हसतील. हसू द्या. नीट टांगली नाहीत तर मात्र खालचं टोक ओलं राहून दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, आणि त्यावर कुणी हसत नाही.

ईदच्या आदल्या रात्री तक्बीर, म्हणजे 'अल्लाहू अकबर'चा घोष, सुरू होते. मशिदीतला बेदुग हा भला मोठा ढोल, लाउडस्पीकर, फटाके, मशाली घेऊन निघालेली मुलं. झोप लागणार नाही असं धरून चाला.

टप्पा ९: ईदची सकाळ

नमाज साधारण साडेसहा-सातला, मशिदीत किंवा मैदानात. बायकाही जातात. तुम्ही नमाजात नसाल तर मैदानाच्या कडेला उभे राहा, रांगांच्या पुढून जाऊ नका आणि फोटो काढायचा तर मागून.

कपडे: बाटिकचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बायकांना सैल कुर्ता किंवा केबाया आणि ओढणी. घरच्यांनी एका रंगाचे कपडे ठरवले असतील तर आधी विचारा. योग्यकर्ताच्या क्रातोन राजवाड्यात जायचं असेल तर परांग नक्षीचं, म्हणजे तिरक्या लाटांसारख्या पट्ट्यांचं, बाटिक घालू नका, आत चालत नाही.

नमाजानंतर घरी 'सुंगकेम': धाकटे एकेक करून थोरांपुढे गुडघे टेकतात आणि माफी मागतात. डोळ्यांत पाणी येतं, आवाज घोगरे होतात. हा घरातल्यांचा क्षण आहे. फोन खिशात. तुम्हाला बोलावलं तर सगळ्यांत शेवटी जा, आज्जी-आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावा आणि म्हणा, 'मोहोन माआफ लाहिर दान बातिन', वागण्यातल्या आणि मनातल्या चुकांची माफी असावी. तेवढं पुरतं. परक्या बाईशी हात मिळवायला आपण होऊन पुढे करू नका. तिने हात छातीशी जोडले तर आपणही तसेच जोडा.

मग शेजाऱ्यांच्या घरांची फेरी. प्रत्येक घरात बरण्या उघडल्या जातात. प्रत्येक बरणीतलं एकच घ्या, कारण घरं पुष्कळ असतात आणि काही न घेता उठणं चालत नाही. खोंग ग्वानचा लाल डबा उघडला आणि आत बिस्किटांऐवजी तांदळाच्या कुरवड्यांसारखे रेंगिनांग निघाले, तर त्यावर घरातले सगळे हसतील. इंडोनेशियातला हा जुना विनोद आहे.

*तपासा:* पाकिटं उजव्या हाताने, आणि आईवडिलांदेखत.

टप्पा १०: परतणं आणि जकार्तातला रिकामा आठवडा

परतीचा लोंढा हा+३ पासून वाढत जातो. जमलं तर हा+२ ला निघा, नाही तर थेट सुट्टी संपल्यावर एखादा दिवस घरून काम मागून घ्या.

जकार्तात राहणाऱ्यांनी हा-५ पर्यंत हे उरकावं: पिण्याच्या पाण्याचे १९ लिटरचे गालोन, गॅस, आठवड्याची भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे. वारुंग म्हणजे छोट्या खाणावळी-दुकानांचे मालक, लॉन्ड्री, भाजीवाला सगळे गावी जातात. डिलिव्हरीवाले कमी आणि महाग असतात. रस्ते ओस पडतात ही खरी मजा, पण पाण्याचा गालोन संपल्यावर ती फार वेळ टिकत नाही.

ऑफिस उघडल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात 'हलाल बिहलाल' होतं. सगळे रांगेने एकमेकांशी हात मिळवून माफी मागतात आणि मग जेवण. क्लायंटची मीटिंग त्या दुपारी ठेवू नका. आणि म्बाक हा+१० पर्यंत आली नाही तर नवी बाई शोधण्याआधी एक फोन करा. बऱ्याचदा परतीच्या बसचं तिकीटच मिळालेलं नसतं.